निक पावलिच चौदावा

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी योगेश रामटेके स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसला होता आणि तेच गणित तिसऱ्यांदा तपासत होता. बाजूच्या चहावर साय धरली होती. मे महिना अर्धा सरला होता, तरी कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये सकाळी अजून जाकीट लागतं, म्हणून खिडकी बंद होती. पडद्यावर फलंदाजांची नावं वरून खाली लागलेली होती. त्यांत चौदावं नाव निक पावलिच.

ते पहिल्या दहांत असायला हवं होतं, कारण पाटीवर दहाच कोरले जाणार होते.

हार्बर लीग ही हॅमिल्टनमधली हौशी बेसबॉल लीग. पोलाद कारखान्यांतले कामगार, शाळामास्तर, फायर ब्रिगेडवाले संध्याकाळी काम संपवून खेळतात. पैसे कोणाला मिळत नाहीत. यंदा लीगला शंभर वर्षं होत आहेत. त्यानिमित्त जूनमध्ये जेवण आहे आणि मैदानाच्या दारापाशी एक पितळी पाटी बसायची आहे: शंभर वर्षांतले दहा सर्वोत्तम फलंदाज. ते दहा कोण, हे ठरवण्यासाठी सात जणांची कमिटी नेमली. योगेश तिच्यात आकड्यांचा माणूस म्हणून आहे. तो शहरातल्या एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात स्टॅटिस्टिशियन आहे, वय बावन्न, मूळचा नागपूरचा.

बेसबॉलमध्ये दहा वेळा बॅट घेऊन उभं राहून तीनदा हिट मिळाला, म्हणजे बॉल मारून पहिला टप्पा सुखरूप गाठता आला, तर फलंदाज चांगला समजतात. पण तीनदा हे कोणत्या साली, कोणाविरुद्ध, कुठे, यावर सगळं अवलंबून असतं. ऐंशीच्या दशकात लीगमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटी आल्या, तेव्हा ज्याला त्याला हिट मिळू लागले. त्याआधी पिचरांचं, म्हणजे गोलंदाजांचं, राज्य होतं. उघड्या पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर काढलेल्या साठ धावा आणि आजच्या पाटा खेळपट्टीवरचं शतक शेजारी शेजारी ठेवून तुलना होत नाही, तसंच हे. त्यावर संख्याशास्त्राचा एक उपाय आहे. फलंदाजाची तुलना दुसऱ्या काळातल्या फलंदाजाशी करायचीच नाही. त्याच्या स्वतःच्या वर्षातल्या बाकीच्यांशी करायची. त्या वर्षाचा सरासरी फलंदाज म्हणजे शंभर. त्याच्या पुढे कोण किती गेला, ते मोजायचं. मग १९३८चा एकशे तीस आणि २००८चा एकशे तीस एकाच पायरीवर उभे राहतात.

गेल्या ऑक्टोबरमध्ये कमिटी पहिल्यांदा बसली, तेव्हा प्रत्येक जण खिशात एक नाव घेऊन आला होता. योगेशने ती नावं बाहेर काढूच दिली नाहीत.

“नावं नंतर,” तो म्हणाला. “आधी नियम ठरवू, लिहू आणि सगळे सह्या करू. मगच जुने आकडे उघडायचे. औषधाच्या चाचणीत आम्ही असंच करतो.”

“तुझ्या हॉस्पिटलात माणसं मरतात, योगी,” कमिटीची अध्यक्ष शॅरन म्हणाली. “इथे फार तर रुसतील.”

शॅरन म्हणजे निवृत्त पीटी टीचर. लीगची सेक्रेटरी म्हणून तिने वीसेक वर्षं काढली आहेत. ती हसली, पण सही तिनेच सर्वांत आधी केली.

ही योगेशची नुसती हॉस्पिटलातली शिस्त नव्हती. एम.एस्सी. झाल्यावर नागपुरातल्या एका कॉलेजात लेक्चररच्या जागेसाठी त्याने मुलाखत दिली होती. लेखी परीक्षेत तो पहिला होता. मुलाखतीचे गुण किती ठेवायचे, हे मात्र निकालातली आडनावं बघून झाल्यावर ठरलं. योगेश वेटिंग लिस्टवर गेला आणि तिथेच राहिला. त्यावर तो कधी भाषण देत नाही. फक्त जिथे जाईल तिथे नियम आधी लिहून घेतो. आंबेडकर असोसिएशनच्या पिकनिकला त्याने रॅफल दुसऱ्यांदा काढायला लावली होती, कारण सगळ्या चिठ्ठ्यांची घडी सारखी नव्हती. 

हार्बर लीगसाठी नियम चार झाले. निदान पाचशे वेळा बॅटिंग केलेली हवी. तुलना स्वतःच्या वर्षाशी. अकरावा कितीही जवळ आला तरी अकरावाच. आणि चौथा, मैदानाचा. ज्या मैदानावर सगळ्यांनाच धावा सोप्या जात, तिथल्या फलंदाजाचे गुण तेवढ्या प्रमाणात कमी करायचे. जिथे अवघड, तिथे वाढवायचे. हा चौथा नियम कमिटीला नको होता. मैदानं बुजली, वर गोदामं आणि पार्किंग लॉट उभे राहिले, आता कशाला उकरायचं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. योगेशने तो रेटून बसवला.

का रेटला, ते त्याने कमिटीला सांगितलं नाही. ते कारण म्हणजे निक पावलिच.

निक आज त्र्याऐंशी वर्षांचा आहे. आईबाप क्रोएशियातून आलेले, त्याचा जन्म हॅमिल्टनच्या पूर्व भागातला. अठराव्या वर्षी पोलाद कारखान्यात चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. १९६३ ते १९७५ तो कारखान्याच्या टीमकडून कारखान्याच्याच मैदानावर खेळला. डावखुरा. २००४ साली योगेश कॅनडात आला तेव्हा त्याला राहायला मिळालं ते निकचं बेसमेंट. पहिल्या उन्हाळ्यात त्याला एका गोदामात रात्रपाळीचं काम लागलं. दिवसा तो अर्ज करायचा आणि सगळीकडून एकच उत्तर यायचं: कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही. एका संध्याकाळी निक पायऱ्या उतरून खाली आला. लीगचा स्कोअर लिहिणारा माणूस किचनर शहरात नोकरी लागून निघून गेला होता. “तुला आकडे कळतात म्हणतोस ना?” निक म्हणाला. “चल मग.”

दोन उन्हाळे निक मैदानावरच्या बाकावर शेजारी बसून योगेशला खेळ समजावत गेला आणि योगेश लिहीत गेला. ‘योगी’ हे नाव निकनेच पाडलं; बेसबॉलमध्ये त्या नावाचा एक मोठा खेळाडू होऊन गेला होता. शॅरनने लीगच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. रेझ्युमेवर कॅनडातला अनुभव म्हणून तेवढंच होतं. हॉस्पिटलात मुलाखत झाली तेव्हा तिचा निम्मा वेळ बेसबॉलवरच गेला आणि योगेशला नोकरी मिळाली.

त्या बाकावर बसून निकने जे जे सांगितलं, त्यात दोन गोष्टी कायम असायच्या. एक, कारखान्याच्या मैदानावर बंदराकडून समोरून वारा यायचा, त्याने माझे निम्मे होमरन, म्हणजे सीमेची जाळी ओलांडणारे फटके, खाल्ले. दुसरी, जे उरले ते मी उजवीकडच्या जाळीवरून मालगाडीच्या उघड्या डब्यांत टाकले. माझे बॉल बिनतिकीट सरहद्दीपलीकडे अमेरिकेत बफेलोपर्यंत जाऊन आलेत. पहिली गोष्ट निक चिडून सांगायचा, दुसरी हसून. योगेशने पहिलीची मनात नोंद केली आणि दुसरीला प्रत्येक वेळी हसला. मालगाडी जाळीच्या मागून जात होती, तर जाळी किती जवळ असेल, हे त्याने बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाने विचारायला हवं होतं.

मैदानाचा नियम लावला की वाऱ्याने खाल्लेलं निकला परत मिळेल, असा त्याचा अंदाज होता. नियम सगळ्यांना सारखाच लागणार होता, तेव्हा त्यात वावगंही काही नव्हतं. फक्त तो कोणाला लाभेल, हे आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं.

काल संध्याकाळी जुन्या स्कोअरशीट टाइप करणाऱ्या स्वयंसेवकांकडून शेवटची फाइल आली. निकच्या काळात कारखान्याच्या मैदानावर धावा कमी होत नव्हत्या. बाकी मैदानांपेक्षा पाव हिस्सा जास्त होत होत्या. वारा असेलही, पण उजवीकडची जाळी मागच्या मालगाडीच्या रुळांमुळे आत ओढलेली होती आणि उजवीकडे बॉल मारणाऱ्या डावखुऱ्यांना ती आंदण मिळाली होती. नियम न लावता निकचे गुण होते एकशे सत्तेचाळीस. क्रमांक सहावा. नियम लावल्यावर एकशे एकतीस. दहाव्या क्रमांकाला एकशे छत्तीस होते.

“सकाळी सकाळी काय करून राहिले?” त्याची बायको दीपा आत आली. ती फार्मसीत काम करते आणि शनिवारी तिला सुट्टी असते. तिने चहाचा कप उचलून बघितला आणि सिंकमध्ये ओतला.

“निक चौदावा आला.”

“किती जण घेता तुम्ही?”

“दहा.”

“मग चौदा घ्या. पाटी काय कमी पडते? चार ओळी वाढवा.”

“मग पंधरावा विचारेल, मला का नाही.”

“जिवंत आहे तो पंधरावा?”

“नाही.”

“मग तो कुठून विचारते?”

दीपाने नवीन आधण ठेवलं. तिला बेसबॉलचं फारसं कळत नाही, पण निकला ती ओळखते. केया झाली तेव्हा हे कुटुंब स्वतःच्या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पाळणा निकने स्वतः रंधा मारून बनवला होता आणि गाडीच्या टपावर बांधून वर माउंटनवर आणला होता. हॅमिल्टनचे लोक शहराच्या वरच्या कड्याला माउंटन म्हणतात. रामटेक्यांचं घर तिथेच आहे.

“कशाने मागे गेला इतका?” तिने विचारलं.

“मैदानाच्या नियमाने.”

“तो तर तुम्हीच आणला होता ना? दिवाळीत असोसिएशनच्या मिलिंदभाऊंना सांगून राहिले होते, कमिटीशी भांडून बसवला म्हणून.”

“हो.”

“बाप्पा.” तिने गॅस बारीक केला. “आणि नाताळात त्याला सांगून पण आले, तुझं नाव पक्कं आहे म्हणून. मी होती तिथे. मी म्हटलं होतं, आत्ताच काहून सांगता?”

ते खरं होतं. ज्या माणसाने वीस वर्षांत एकाही डॉक्टरला डेटा उघडायच्या आधी औषध चालेल की नाही हे सांगितलं नाही, त्याने निक राहतो त्या वृद्धांच्या केअर होममध्ये, टर्कीचं ताट मांडीवर घेऊन, निकला सांगितलं होतं: काळजी करू नकोस, तू त्यात आहेस.

केया सीरियलचा बोल घेऊन आली. ती पंधरा वर्षांची आहे. तिने बापाच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं.

“डॅड, जस्ट ड्रॉप द फील्ड थिंग. नोबडी विल नो.”

“मला माहीत असेल ना.”

“दॅट्स अ यू प्रॉब्लेम,” केया म्हणाली आणि बोल घेऊन वर गेली.

“बरोबर बोलली,” दीपा म्हणाली. “मिलिंदभाऊ मला विचारतात, वहिनी, तुमच्या घरी पोळ्या पण चिठ्ठ्या टाकून वाढता का? काय उत्तर देऊ मी?”

नऊ वाजता शॅरनचा फोन आला. यादी तिने उघडली होती.

“निक कुठे आहे?”

“चौदावा.”

“मला दिसतंय चौदावा. का, ते विचारतेय. तो माणूस जिवंत आहे, योगी. जेवणाला येऊ शकेल असा पन्नास वर्षांपूर्वीचा एकच फलंदाज आपल्याकडे उरलाय. मी त्याच्यासाठी व्हीलचेअरची व्हॅन सांगून बसलेय.”

योगेशने कारण सांगितलं.

“चौथा नियम कोणाला कळलाच नव्हता,” ती म्हणाली. “मलाही नाही. तुला कळतं म्हणून सह्या केल्या. आता तू म्हण, की मैदानांची माहिती पुरेशी नाही, नियम मागे घेतो. सगळे हो म्हणतील. सोमवारी यादी पाटीवाल्याकडे जायची आहे, तोवर आपल्याला वेळ आहे. पण म्हणायला तूच हवास.”

“माहिती पुरेशी आहे, शॅरन.”

“मला ठाऊक आहे. मी ते विचारत नाहीये.”

योगेशने पडद्यावरच्या दहाव्या ओळीकडे बघितलं. “नियम काढला तर आर्थर टिली बाहेर जातो. सोळावा होतो तो.”

“कोण टिली?”

“१९३७ ते १९४१. तळ्याकाठच्या मैदानावर खेळायचा. तिथे जाळीच नव्हती, बॉल गवतात धावत राहायचा, होमरन कोणालाच मिळायचे नाहीत. त्या मैदानावर त्याने हे केलंय. १९४१नंतर त्याचं नाव कुठे नाही.”

“नातेवाईक?”

“स्वयंसेवकांनी शोधले. कोणी सापडलं नाही.”

“मग टिली नसला तर वाईट कोणाला वाटणार आहे? मला एक माणूस दाखव.”

योगेशकडे दाखवायला माणूस नव्हता.

“म्हणूनच,” तो म्हणाला.

मग तिने विचारलं, “निकला कोण सांगणार?”

“मी सांगतो.”

“आणि त्यानंतरही तुला हेच म्हणायचं असेल, तर मला फाइल पाठव. मी भांडणार नाही. पण मला हे पटलेलं नाही, हेही लक्षात ठेव.”

निकचं केअर होम खालच्या शहरात, पूर्वेला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. बायको आधीच वारली होती, मूल नाही, पुतणी टोरोंटोजवळ एटोबिकोला असते आणि महिन्यातून एकदा येते. योगेश दुपारी पोचला. लिफ्टच्या दाराशेजारी एक रंगीत कागद चिकटवलेला होता. फुगे काढलेले होते आणि खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: आमचा निक, शंभर वर्षांतल्या दहांत!

तिसऱ्या मजल्यावर जसविंदर भेटली. या मजल्यावरच्या रहिवाशांचं उठणं-बसणं, अंघोळी, जेवणं ती बघते. योगेशशी ती हिंदीत बोलते.

“भाईसाहब, केक बोल दिया है मैंने. बल्ले की शेप वाला. निक को बताना मत, सरप्राइज है.”

“वो नीचे कागज किसने लगाया?”

“मैंने. निक तो क्रिसमस से सबको बता रहे हैं. खाना देने वाला आए, तो उसको भी. फिजिओवाली को भी.” तिने त्याचा चेहरा बघितला. “क्यों, स्पेलिंग गलत है?”

“नहीं,” योगेश म्हणाला. “स्पेलिंग ठीक है.”

निक टीव्हीच्या हॉलमध्ये होता. पलीकडच्या टेबलावर चौघे पत्ते खेळत होते. निकची दाढी केलेली होती, अंगात टोरोंटोच्या टीमचा निळा शर्ट होता. डावा हात मांडीवर ठेवलेला होता, कोणीतरी ठेवून दिल्यासारखा.

“आलास,” तो म्हणाला. “कितवा?”

योगेशने खुर्ची जवळ ओढली. जितकं हळू बोलता येईल तितकं हळू तो म्हणाला, “तुझं नाव आलं नाही, निक.”

“काय?”

“तुझं नाव नाही आलं.”

निकने कानातल्या यंत्राला बोट लावलं आणि मान हलवली. ऐकू आलं नव्हतं. दुपारची वेळ होती, टीव्ही मोठा होता. योगेशला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी हॉलभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“नाव नाही आलं! चौदावा आलास!”

पत्ते खेळणारे थांबले. एकाने हातातलं पान टेबलावर उलटं ठेवलं.

“कोणत्या गाढवाने मोजलं?” निकने विचारलं.

“मी.”

“मग परत मोज.”

“तीनदा मोजलं.”

“वारा धरलास का? तुला शंभर वेळा सांगितलंय वाऱ्याचं.”

“सगळं धरलं. त्या मैदानावर धावा जास्त व्हायच्या, निक. कमी नाही व्हायच्या. उजवीकडची जाळी जवळ होती.”

“जाळी जिथे होती तिथे होती,” निक म्हणाला. “मी नाही बांधली ती. बॉल तिच्यावरून गेला की नाही?”

“गेला.”

“मग?”

याला योगेशकडे उत्तर होतं. टेबलावर कागद आणि पेन असतं तर त्याने ते नीट मांडून दाखवलं असतं. पण ते उत्तर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

“जाळीचं ते लफडं नसतं, तर मी कितवा?” निकने विचारलं.

खोटं बोलायला ही जागा सोयीची होती. अकरावा म्हटलं असतं, तरी कोणी तपासायला येणार नव्हतं.

“सहावा.”

“सहावा!” निकने पत्तेवाल्यांकडे मान वळवली. “ऐकलंत? सहावा होतो मी!” मग पुन्हा योगेशकडे वळून, “आणि ते लफडं आणलं कोणी?”

“मी.”

“तू? का?”

“मला वाटलं, वाऱ्याने तुझं नुकसान केलंय. ते भरून निघेल.”

निकने त्याच्याकडे पाहिलं. टीव्हीवरची जाहिरात संपेपर्यंत तो पाहत राहिला.

“म्हणजे तू तो माझ्यासाठी आणलास.”

“हो.”

“मग माझ्यासाठीच काढ.”

“ते करता येत नाही, निक.”

“बटण दाबायचं असेल ना कॉम्प्युटरवर काहीतरी?”

“आहे बटण.”

“मग येतं करता. नाही येत म्हणू नकोस. नाही करणार म्हण.”

“नाही करणार,” योगेश म्हणाला. हेही त्याला मोठ्यानेच म्हणावं लागलं.

“माझ्या जागी कोण आहे?”

“आर्थर टिली. तुझ्या आधीचा. लढाईच्या वेळचा.”

“कधी नाव नाही ऐकलं.”

“कोणीच नाही ऐकलं.”

निकला खिडकीकडे तोंड करायचं होतं. त्याने उजव्या हाताने चाकाला रेटा दिला. चाक हललं नाही. त्याने पुन्हा जोर लावला, खुर्ची जागच्या जागी कुरकुरली. दुपारी ब्रेक लावून ठेवतात आणि डाव्या बाजूचा ब्रेक निकला स्वतःला काढता येत नाही. पत्तेवाले बघत होते. योगेश उठला, खाली वाकला, ब्रेकचा दांडा वर ओढला आणि मागे सरकला. निकने खुर्ची हळूहळू फिरवली आणि त्याच्याकडे पाठ केली.

काही आणून देऊ का, असं योगेशने विचारलं. निकला ते ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल. पत्तेवाल्यांनी खेळ पुन्हा सुरू केला.

लिफ्टपाशी जसविंदर उभी होती. हॉलमधलं सगळं तिने ऐकलं होतं. मजल्यावर कोणी ऐकलं नाही असं नव्हतं.

“तो अब केक पे क्या लिखवाऊं?”

“पता नहीं.”

“कैंसल तो नहीं होगा, पैसे ले लिए उसने. और बल्ले की शेप तो बन भी गई होगी.” ती जरा घुटमळली. “निक का बर्थडे कब है?”

“नवंबर में.”

“हाय रब्बा,” जसविंदर म्हणाली. मग खाली जाऊन तिने भिंतीवरचा कागद काढला. टेप घट्ट होती. फुगे काढलेला कोपरा भिंतीलाच राहिला आणि तो ती नखाने खरवडत बसली. योगेशने मदतीला हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, “रहने दीजिए, भाईसाहब.”

पार्किंगमध्ये गाडीत बसून योगेशने लॅपटॉप मांडीवर घेतला. नियम काढल्यावरची यादी कशी दिसते, ते त्याने सकाळी बघून ठेवलं होतं. आता त्याने ती पुन्हा उघडली. सहाव्या ओळीत निक पावलिच. नाव तिथे चांगलं शोभत होतं. ती फाइल त्याने बंद केली आणि दुसरी, दहाव्या ओळीत टिली असलेली, शॅरनला पाठवून दिली. सोबत दोन वाक्यं लिहिली: निकला सांगितलं. यादी हीच.

उत्तर यायला वेळ लागला नाही. शॅरनने लिहिलं होतं, “ठीक आहे. व्हॅन रद्द करते.” मग आणखी एक ओळ आली: “की राहू देऊ? पाहुणा म्हणून तरी येईल का तो?”

येईल की नाही, ते योगेशला ठाऊक नव्हतं. त्याने फोन उलटा ठेवला.

घरी आला तेव्हा दीपा ग्रोसरीच्या पिशव्या रिकाम्या करत होती. दूध फ्रिजमध्ये गेलं, कांदे टोपलीत गेले, मग ती म्हणाली, “चिडला?”

“हो.”

“बोलला का काही?”

“बोलला. बरोबरच बोलला.”

“मग?”

“मग काही नाही. पाठवून दिली यादी.”

दीपाने रिकाम्या पिशव्यांची घडी केली. ती त्याला चूक म्हणाली नाही आणि बरोबरही म्हणाली नाही. “मला त्या टिलीचं समजते,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “पण तो टिली काही तुमच्या पोरीला पाळणा घेऊन आला नव्हता.”

“नाही.”

“उद्या जाणार का?”

टोरोंटोचा सामना असला की रविवारी योगेश निकबरोबर तो टीव्हीवर बघतो. स्ट्रोकनंतर यात खंड पडलेला नाही. शनिवारी निघताना निक दर वेळी म्हणतो, “उद्या एकला ये, उशीर करू नकोस.” आज तो काही म्हणाला नव्हता, आणि योगेशनेही विचारलं नव्हतं. दीपाच्या प्रश्नावर त्याने खांदे उडवले. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, म्हणून मग म्हणाला, “माहीत नाही.”

केअर होमचं मुख्य दार रविवारी सकाळी अकराला उघडतं. उद्याचा सामना दुपारी एक वाजून सदतीस मिनिटांनी सुरू होतो.